चार महिन्यांचं पीक

पावणेदोनला सेंट्रिफ्यूज थांबतं
आणि नंदुरबारच्या या रक्तपेढीत
फ्रिजची घरघर तेवढी उरते.
झाकण उघडतो.
पिशवीतलं रक्त आता रक्तासारखं दिसत नाही.
वर दादर ज्वारीच्या वाळल्या कडब्याच्या रंगाचं पाणी,
तळाशी काळपट लाल गाळ,
मधे दुधावर धरते तेवढीच फिकट साय.

साडेआठला हिलाल बोरसे येऊन गेला,
मिरचीच्या पथारीवर काटा धरणारा.
त्याच्या बाहीतल्या तिखटानं शिंका मला आल्या.
सुई टोचताना म्हणाला,
‘मन्हं रगत तिखं ऱ्हाई भाऊ, सांभाळीसन देजो.’
मी त्याचं नाव काढलं
आणि पिशवीवर आकडा चिकटवला.

पिवळं पाणी आधी वर घेतो.
मीठ, साखर, दुपारच्या कळण्याच्या भाकरीचा अंश,
सगळं यातूनच वाहत असतं;
आणि जखम होण्याआधीच करून ठेवलेली
गोठण्याची तयारीही.
फुरसं चावलं की ती तयारी मोडते.
कापूस वेचताना चावलेली एक बाई,
हिरड्यांतून रक्त थांबेना.
असंच गोठवलेलं पाणी चार पिशव्या वितळवून पाठवलं.
वाचली म्हणतात.
पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

प्लेटलेट म्हणजे अख्खी पेशीही नव्हे, तुकडा.
पोत्याला भोक पडलं की हमाल हाताला येईल तो बोळा कोंबतो,
तसा.
स्थिर ठेवला तर एकमेकांनाच चिकटून बसतो,
म्हणून रात्रंदिवस झुलत्या फळीवर.
पाचच दिवस.
गेल्या दिवाळीत कुणी मागितल्याच नाहीत,
दोन पिशव्या झुलत झुलत मेल्या.
तो आठवडा मी फळीकडे पाठ करून बसायचो.

पांढऱ्या पेशी गाळून टाकतो.
त्यांना आपलं-परकं कळतं.
ज्याच्या त्याच्या अंगात हे ठीक,
दुसऱ्याच्या घरी पाठवायचं तर
असं माणूस नको.

तांबड्यांचं निराळं.
त्या वाढता वाढता आपलं केंद्रक बाहेर टाकतात,
कुळी, आडनाव, सातबारा, सगळं,
प्राणवायूला जागा व्हावी म्हणून.
मग नुसतं वाहणं, एकशेवीस दिवस.
दादर पेरल्यापासून
कणीस हाती येईपर्यंत.

सुरमीच्या अंगात हे पीक
पंधरा-वीस दिवसांत आडवं होतं.
सुरमी पावरा, वय नऊ,
धडगावच्या वरच्या पाड्यातली,
गुडघे पोटाशी घेऊन चार नंबरच्या वॉर्डात.
तिच्या आईला, खेमीला,
मी एकदा सूक्ष्मदर्शक दाखवला.
एक डोळा मिटून ती खूप वेळ पाहत राहिली.
‘विळे,’ म्हणाली.
आजाराचं नावच ते, मी म्हटलं.
‘ते कळलं. पण हे कापताहेत काय?
दाणा तर भरलाच नाही अजून.’
विळा आणि पीक इथे एकच आहे
हे मला तिला सांगता आलं नाही.
काच पुसली, दिवा बंद केला.

अडीचला गट जुळतो.
पुन्हा एकदा जुळवून पाहतो, सवयीनं.
पिशवी घेऊन निघतो.
व्हरांड्यात जिकडेतिकडे घोंगड्या,
एकीतून कुणीतरी पाय आत ओढून वाट देतं.

खेमी जागीच.
पिशवीला बोट लावून बघते.
‘गार आहे.’
होईल गरम, आत गेल्यावर.
‘कुणाचं?’
सांगायची परवानगी नाही.
तरी तोंडातून जातं,
‘जरा तिखट आहे.’
ती हसते. दोन महिन्यांत पहिल्यांदा
तिचे दात दिसतात.

सुरमी झोपेतच हात सोडवू बघते,
आई तो धरून ठेवते.
माझं काम इथे संपलेलं असतं.
तरी उभा राहतो
पहिला थेंब पडेपर्यंत,
मग दुसरा.